एवढी एक सुई होऊ दे

विणकाम म्हणजे दोन सुया आणि एक सलग धागा यांच्या मदतीने, ज्याला गरज नाही अशा माणसासाठी, थंडी संपेपर्यंत पुरे न होणारे वस्त्र तयार करण्याची कला. कोशात ही व्याख्या सापडणार नाही. पण कोशकाराने डोंबिवलीत बसून स्वेटर विणलेला नसतो. निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा घसरतो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘निफाड गारठले’ असा मथळा येतो, आणि तो वाचून डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावर कपाटाच्या वरच्या फळीवरची लोकरीची पिशवी खाली उतरते. त्या वेळी खोलीत पंखा दोनवर चालू असतो. पिशवीत गेल्या वर्षी विणलेली एक पाठ असते, म्हणजे स्वेटरची मागची बाजू. पुढची बाजू संक्रांतीपर्यंत मुंढ्याला पोचते, गळ्याचे टाके कमी करायला घ्यावेत तर होळी पेटते, आणि बाह्यांची वेळ येते तेव्हा बाजारात कैऱ्या आलेल्या असतात. लोणचे थांबू शकत नाही, बाही थांबू शकते. पाठ, पोट आणि एक बाही पुन्हा वरच्या फळीवर जातात.

अर्धवट राहिलेल्या कामासाठी मराठीने शब्द शोधला तोही लोकरीतूनच: भिजत घोंगडे. दख्खनी मेंढ्यांच्या राठ लोकरीची घोंगडी इथे पिढ्यान्‌पिढ्या विणली गेली. मात्र ते विणणे मागावरचे. मराठीत पैठणी विणतात, खाट विणतात, टोपली विणतात, कोळी जाळे विणतो आणि स्वेटरही विणतात, त्यामुळे घोटाळा होतो. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांना अडवून धरतात. सुयांवरच्या विणकामात धागा एकच. त्याचा फास करायचा, त्या फासातून दुसरा फास ओढायचा, त्यातून तिसरा. म्हणून स्वेटर ताणला जातो आणि पैठणी ताणली जात नाही. आणि म्हणूनच मोकळे टोक ओढले की अख्खा स्वेटर सरसर उसवत येतो, ही गोष्ट घरातल्या मांजराला आणि दोन वर्षांच्या नातवाला कोणी न शिकवता ठाऊक असते.

ही सुयांची कला आपल्याकडे मिशनरी बायकांच्या शाळांबरोबर आणि साहेबाच्या मडमांबरोबर आली. म्हणून तिचे निम्मे शब्द अजून त्यांचेच आहेत: स्वेटर, मफलर, बॉर्डर, डिझाइन. ‘स्वेटर’ हा शब्द इंग्रजीत घामाच्या शब्दावरून झाला; खेळाडूंनी घाम निघावा म्हणून घालायचा जाड कपडा तो स्वेटर. डिसेंबरात दादरच्या मंगल कार्यालयात, सासूबाईंनी विणलेला स्वेटर घालून पंगतीला बसलेला जावई पाहिला की ही व्युत्पत्ती वेगळी समजावून द्यावी लागत नाही.

कलेचा उगम याहून पुष्कळ जुना. इजिप्तमध्ये सापडलेले सुती मोजे आठशे-हजार वर्षांपूर्वीचे मानले जातात. संग्रहालयात जोडीतला एकच मोजा मांडलेला दिसला, तर दुसरा काळाच्या ओघात नाहीसा झाला असे इतिहासकार समजतो. ज्याने आयुष्यात एक मोजा विणला आहे, त्याला दुसरा कधी विणलाच गेला नसावा अशी दाट शंका येते. पुढे १५८९ मध्ये विल्यम ली नावाच्या इंग्रज पाद्र्याने मोजे विणायचे यंत्र तयार केले. त्याची दंतकथा अशी सांगतात, की ज्या मुलीवर त्याचा जीव जडला होता, ती तो भेटायला गेला की मान वर न करता विणत बसायची. म्हणजे जगातले पहिले विणकामयंत्र हे ‘अगं, जरा इकडे बघ ना’ या वाक्याचे यांत्रिक रूप होय. राणी पहिल्या एलिझाबेथने त्याला मक्ता दिला नाही. हाताने विणणाऱ्या गरिबांच्या पोटावर पाय येईल, असे तिला वाटले म्हणतात. त्या मुलीचे पुढे काय झाले ते दंतकथेत येत नाही. ती बहुधा अजून ओळ संपवत असावी.

यंत्रे शेवटी आलीच. आज लुधियानाच्या कारखान्यांत स्वेटरांचे ढीग पडतात, थंडीत तिबेटी विक्रेते शहराशहरांत दुकाने मांडतात, आणि तिथे बाह्यांसकट तयार स्वेटर अनेकदा नुसत्या लोकरीच्या किमतीत मिळतो. हा हिशेब विणणाऱ्या बाईला सांगणारा माणूस प्रत्येक घरात एक असतो. तो दर वर्षी सांगतो. त्याला दर वर्षी एकच उत्तर मिळते: “घ्या ना मग विकतचा. कोणी धरलंय?” तो घेत नाही.

विणकामाचा पहिला घटक लोकर. दुकानात जिला लोकर म्हणतात तिचा मेंढीशी संबंध असेलच असे नाही. बरीचशी लोकर ॲक्रिलिकची, म्हणजे कारखान्यात जन्मलेली असते. मोठ्या माणसाच्या स्वेटरला ती पाचशे-सहाशे ग्रॅम लागते. पुण्यात तुळशीबागेत गेले की दुकानदार शेडकार्ड पुढे करतो आणि विचारतो, “कोणासाठी?” “ह्यांच्यासाठी” म्हटले की कार्डावरचे साठ रंग आपोआप मिटून तीनच उरतात: राखाडी, तपकिरी, नेव्ही ब्लू. ‘हे’ शेजारीच पिशव्या धरून उभे असतात. त्यांना मोरपंखी आवडतो, असे त्यांनी एकदा १९९६ मध्ये सांगून पाहिले होते.

खरेदीत एक खाच आहे. गुंड्याच्या कागदी पट्टीवर लॉट नंबर छापलेला असतो. एका लॉटची लोकर एका वेळी रंगवलेली असते. “एक गुंडा कमी पडला तर नंतर नेईन” असे म्हणून जी बाई परतते, तिला नंतर दुसऱ्या लॉटचा गुंडा मिळतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही गुंडे सख्खे भाऊ दिसतात. उन्हात नेले की चुलत निघतात. त्यामुळे पुष्कळ स्वेटरांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा किंचित आशावादी असतो. या धास्तीने शहाण्या बायका आधीच दोन गुंडे जास्त घेतात. ते उरतात. उरलेल्या गुंड्यांना शोभेल म्हणून नवी लोकर घेतली जाते, तीही थोडी जास्तच. पलंगाखालच्या पेटीला झाकण लागेनासे होते, तेव्हा विणकाम आणि लोकर जमवणे हे दोन वेगळे छंद आहेत हे घरच्यांच्या ध्यानात येते.

लोकर गुंड्यात मिळते तशी लडीतही मिळते. लडीचा आधी गुंडा करावा लागतो, आणि त्यासाठी दोन हात हातभर अंतरावर समोर धरून बसणारे काहीतरी लागते. परदेशात याकरिता फिरती लाकडी चौकट मिळते. इथे नवरा असतो.

“अहो, दोन मिनिटं हात धरा.”

नवरा हात पुढे करतो. मनगटांवर लडी चढते. पहिल्या मिनिटाला काही होत नाही. दुसऱ्या मिनिटाला नाकाच्या शेंड्याला खाज सुटते.

“अंगठे आत घ्या. तसे नाही. आणि हात हलवा, एकदा डावा, एकदा उजवा. झोप लागली का?”

“बेल वाजतेय.”

“वाजू दे. कुरिअरवाला असेल. येईल परत.”

कुरिअरवाला परत येत नसतो. पण मुद्दा तो नव्हे. एरवी वर्तमानपत्राआड दडणारा माणूस लडीत अडकला की निदान पंधरा मिनिटे उठू शकत नाही, ही गोष्ट अनुभवी गृहिणीने केव्हाच हेरलेली असते. गावच्या घराची कौले, भिशीचे राहिलेले पैसे आणि वन्संच्या मुलीच्या लग्नात द्यायचा आहेर हे विषय याच वेळी निघतात. लडी संपते तेव्हा गुंडा तयार असतो आणि आहेराचा आकडाही. काही घरांत सगळ्या लोकरीचे गुंडे झाल्यावरही नवी लडी आणली जाते, त्यामागे विणकामाची निकड असतेच असे नाही.

दुसरा घटक सुया. त्यांचे नंबर उलटे चालतात. भारतात जुनी इंग्रजी पद्धत टिकून आहे. नंबर मोठा तितकी सुई बारीक. म्हणून खालची बॉर्डर १२ नंबरवर विणतात, म्हणजे ती घट्ट बसते, आणि पुढचे अंग १० नंबरवर. अमेरिकेत याच्या बरोबर विरुद्ध. नंबर मोठा तितकी सुई जाड. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची आणि त्यांची ५ मिलिमीटरची. आईने पुण्याहून फोनवर सांगितले, “आठ नंबरच्या घे, ऐंशी टाके घाल,” आणि न्यू जर्सीतल्या मुलीने तिथल्या दुकानातून आठ नंबरच्या घेतल्या, की बाळासाठी घेतलेले टोपडे बाळाच्या बाबांना बसते. मग व्हिडिओ कॉलवर दोन पिढ्या एकमेकींना “तू घट्ट विणत नाहीस” आणि “तू नीट सांगत नाहीस” असे सुनावतात. बाबा टोपडे घालून मागे उभे असतात.

सुईवर टाके घातले की खरे विणकाम सुरू होते. जगातल्या सगळ्या विणींचे मूळ दोन टाक्यांत आहे: सुलट आणि उलट. त्यातही उलट टाका म्हणजे सुलट टाक्याची मागची बाजू, म्हणजे हिशेबाने टाका एकच. पुढून पाहिला तर इंग्रजी ‘व्ही’सारखा दिसतो, मागून पाहिला तर आडव्या गाठीसारखा. सुलट ओळ आणि उलट ओळ आळीपाळीने घेतली की गुळगुळीत कापड तयार होते. एक सुलट एक उलट, आणि पुढच्या ओळीत बरोबर त्याच्या विरुद्ध, असे केले की साबुदाणा पेरल्यासारखे दाणे उठतात. हे एवढे सोपे आहे, की पाच मिनिटांत कोणालाही शिकवता येते, असे शिकवणाऱ्या सगळ्या बायका सांगतात.

प्रस्तुत लेखकाला ते अकरा महिन्यांत आले. रक्तदाब उतरावा म्हणून त्याने मफलर विणायला घेतला. चाळीस टाके घातले. वीतभर विणून झाल्यावर मोजले तर सत्तेचाळीस भरले, दोन वितींवर सत्तावन्न. मफलर वर वर रुंद होत चालला होता. लेखकाला वाटले, आपला हात मोकळा होतोय. घरातल्या जाणकारांनी दोष दाखवला: ओळीच्या सुरुवातीला तो धागा सुईवरून पलीकडे टाकत होता, त्यामुळे कडेचा पहिला टाका ताणून दोनासारखा दिसे आणि तो दोन समजून विणला जाई. हे कळल्यावर त्याने काळजी घेतली आणि टाके कमी होऊ लागले. अशा रीतीने शंकरपाळ्याच्या आकाराचे जे वस्त्र सिद्ध झाले, ते सध्या मिक्सरवर झाकलेले असते. रक्तदाबाची गोळी अर्धीची एक झाली.

पुरुषांना ही कला जमत नाही असा याचा अर्थ नाही. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवल्यावर ब्रिटनचा डायव्हर टॉम डेली प्रेक्षकांत बसून शांतपणे विणताना साऱ्या जगाला दिसला. पदकाला ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने लोकरीची पिशवीही केली होती. फक्त त्यासाठी आधी दहा मीटरवरून उडी मारता यायला हवी, इतकेच.

यानंतर मापाचा प्रश्न येतो. पुस्तकात लिहिलेले असते, की आधी चौकोनी नमुना विणावा, दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे आणि मगच स्वेटरला हात घालावा. नमुना कोणीही विणत नाही. समजा, दहा सेंटिमीटरला बावीस टाके हवेत. शंभर सेंटिमीटर छातीला २२० टाके झाले. विणणाऱ्या बाईचा हात जरा सैल पडला आणि बावीसच्या जागी वीसच बसले, तर त्याच २२० टाक्यांची छाती ११० सेंटिमीटर भरते. दोन टाक्यांच्या आळसाने माणूस चार इंच रुंद होतो. अशा वेळी “वाढत्या अंगाचा केलाय” असे म्हणायची रीत आहे. हे वाक्य बावन्न वर्षांच्या माणसालाही ऐकवले जाते आणि दोन-चार वर्षांत ते खरेही ठरते. एलिझाबेथ झिमरमन या नामवंत विणकर बाईंनी माप बसवायची फार सोपी रीत सांगितली. त्यांच्या १९७१ च्या पुस्तकाचे नावच ‘निटिंग विदाउट टिअर्स’, म्हणजे रडारड न करता विणकाम. पुस्तकाला असे नाव द्यावे लागले यातच काय ते आले.

हिशेब आणखी थोडा पुढे नेता येतो. दहा सेंटिमीटरच्या चौकोनात बावीस टाके आणि तीस ओळी धरल्या, तर ६६० टाके झाले. शंभर सेंटिमीटर घेर आणि साठ सेंटिमीटर उंची म्हणजे असे साठ चौकोन. एकूण ३९,६०० टाके. बाह्या वेगळ्या. मिनिटाला पंचवीस टाके या बऱ्यापैकी वेगाने नुसत्या अंगाला २६ तास २४ मिनिटे लागतात. यात बेल, कुकरच्या शिट्ट्या आणि ‘जरा इकडे ये’ धरलेले नाही. नेदरलंड्सच्या मिरियम टेगल्स यांनी २००६ मध्ये एका मिनिटात ११८ टाके विणून विक्रम केला. त्या वेगाने हे अंग साडेपाच तासांत उरकते, म्हणजे मुंबईहून नागपूरला जाता जाता घातलेला स्वेटर वर्ध्याच्या आधी उतरवून नातेवाइकाला देता येईल. सुदैवाने मराठी घरांत विणकाम या वेगाने होत नाही. झाले असते तर नातेवाईक पुरले नसते.

विणताना मोजावे लागते आणि मोजताना बोलता येत नाही. या साध्या गोष्टीवर घरातले सत्तेचे सारे गणित फिरते.

“आई, माझी निळी फाइल कुठंय?”

“एकशे बारा, एकशे तेरा…”

“अगं, फाइल.”

“एकशे चौदा, टीव्हीखाली, एकशे… गेलं! आता पहिल्यापासून.”

विणणाऱ्या व्यक्तीशी बोलताना आकडा उच्चारू नये, हा नियम विशेष महत्त्वाचा. “लाइटबिल चौदाशे तीस आलंय” असे कोणी मध्येच म्हटले, की पुढचा टाका एकशे एकतिसावा होतो आणि पुढच्या ओळीत नक्षीतला हिरा पतंगासारखा तिरपा उडतो. ज्यांना हे माहीत आहे असे नवरे अधूनमधून क्रिकेटचा स्कोअर मोठ्याने वाचतात. त्याचे परिणाम जेवणाच्या मिठात दिसून येतात.

ओळीला विणणाऱ्या बायका ‘सुई’ म्हणतात. एक सुई रिकामी होऊन दुसरी भरली की एक सुई झाली. यातून वेळेचे एक स्वतंत्र माप निघाले आहे. “एवढी एक सुई होऊ दे, आले.” पुढच्या बाजूचे ११० टाके धरले तर हे माप साडेचार मिनिटांचे. प्रत्यक्षात त्या सुईच्या शेवटी पुढच्या सुईचा पहिला टाका आपोआप पडतो, आणि अर्धवट सुई टाकून उठायचे नसते हा शास्त्रार्थ सर्वमान्य आहे. त्यामुळे एवढी एक सुई अर्धा-पाऊण तास टिकते. दूध उतू जाते, मालिका संपून बातम्या लागतात, पाहुणे आपला चहा आपण करून घेतात आणि जाताना कपही विसळून ठेवतात.

चूक विणकामात दोन तऱ्हांनी होते. टाका सुटला तर त्याच्या खालचे टाके शिडीसारखे उतरत जातात. क्रोशाच्या सुईने ते एकेक करून वर चढवता येतात आणि फारसे कोणाला कळत नाही. दुसरी चूक नक्षीतली. ती वीस ओळी वर गेल्यावर दिसते, आणि ती नेहमी बरोबर छातीच्या मध्यावर असते. यावर घरात दोन पक्ष पडतात. “कोणाला दिसणार आहे?” हा एक. “मला दिसतंय ना!” हा दुसरा. हा वाद चालू असताना शेजारच्या काकू वाटी परत द्यायला येतात आणि दारातूनच म्हणतात, “अय्या, छान झालंय हं! हे इथं मुद्दामच असं वेगळं केलंय ना?” काकू गेल्या की वीस ओळी उसवल्या जातात. उसवणे विणण्यापेक्षा फार वेगाने होते आणि त्यात एक दुष्ट आनंदही असतो. पण उसवलेली लोकर सरळ राहत नाही; भिजवलेल्या शेवयांसारखी वेटोळी वेटोळी पडते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, लोकर उसवली तरी स्वेटर जात नाही. तिची पुन्हा लडी करायची, कोमट पाण्यात बुडवायची, खाली वजन बांधून टांगायची आणि वाळली की पुन्हा नवऱ्याच्या हातांवर चढवायची. गावच्या घराची कौले अजून बदललेली नसतातच.

अशा रीतीने काम पुढे जाते. “कुठवर आला स्वेटर?” या प्रश्नाला फेब्रुवारीत “गळ्याशी आलंय” असे उत्तर मिळते, आणि विचारणारा सुज्ञ असेल तर तो आवाजावरून कुठला गळा ते ओळखतो.

तयार झालेला स्वेटर ज्याला मिळतो त्याच्यावर काही जबाबदाऱ्या येतात. त्याने तो विणणाऱ्या व्यक्तीच्या देखत घालावा लागतो. गळ्यातून डोके बाहेर यायला लागणारा वेळ चेहऱ्यावर दिसू द्यायचा नसतो. टोचतोय असे म्हणायचे नसते. फक्त तान्ही बाळे या नियमाला अपवाद. त्यांना कुंची, मोजे, टोपडे असा संपूर्ण जामानिमा चढवला की ती मोकळेपणाने रडतात. बाळांचे विणकाम त्यामानाने लवकर होते आणि तरी उशिराच पोचते, कारण बाळे सुयांपेक्षा वेगाने वाढतात. बारशाला म्हणून घेतलेले मोजे उष्टावणाला अंगठ्यापुरते येतात. खऱ्या लोकरीचा स्वेटर असेल आणि कोणी प्रेमाने गरम पाण्यात, मशिनमध्ये टाकला, तर उलटा चमत्कार होतो. लोकरीच्या केसाला बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकून बसतात आणि पुन्हा सुटत नाहीत. वडलांचा स्वेटर थेट नातवाला येतो. घरातला हा एकच वारसाहक्क असेल ज्यावर भांडण होत नाही.

एवढे सगळे पाहिल्यावर कोणीही विचारील, की मग हे करायचे कशाला? २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या व्यवसायोपचाराच्या एका नियतकालिकात साडेतीन हजारांहून अधिक विणणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. जे वारंवार विणतात त्यांनी आपल्याला शांत आणि आनंदी वाटते असे सांगितले. प्रश्न विणणाऱ्यांनाच विचारले होते. स्वेटर घालणाऱ्यांना नव्हे. तरी निष्कर्षात तथ्य असावे. मराठी घरात त्याला आणखी एक कारण आहे, ते पाहणीत येत नाही. या घरात बाई नुसती बसलेली दिसली तर तिला लगेच काहीतरी आठवण करून दिली जाते: गॅस बुक केलास का, फुलपुड्याचे पैसे दिलेस का, आजींच्या डोळ्यांत औषध घातलेस का. पुस्तक घेऊन बसली तरी तीच गत. वाचणे म्हणजे काही न करणे असे समजले जाते. पण हातात सुया आणि मांडीवर लोकर असली की ती ‘कामात’ असते. शिवाय काम ह्यांच्यासाठीच चाललेले असते, त्यामुळे ह्यांना बोलता येत नाही. ओठ हलत असतात, म्हणजे ती मोजत असणार.

डोंबिवलीतल्याच एका आजींना नातीने एकदा पकडले. आजी खिडकीत बसल्या होत्या, सुया चालू होत्या, ओठ हलत होते. नातीने शेजारी बसून बराच वेळ पाहिले. सगळे टाके सुलट होते. ओळ सुलट, परतीची ओळही सुलट. नक्षी नाही, कमी-जास्त करणे नाही, मोजण्यासारखे काहीच नाही.

“आजी, तू काय मोजतेस गं?”

“काही नाही.”

“मग ओठ का हलवतेस?”

आजींनी दाराकडे एकदा पाहून घेतले. “हलवत बसलं की कोणी हाक मारत नाही,” त्या म्हणाल्या. “सांगू नकोस कोणाला. हात धर इकडे, ही लडी संपवू.”

आजी विणत होत्या त्या मफलरची लांबी आता साडेतीन मीटर झाली आहे. तो कोणासाठी आहे हे ठरलेले नाही, आणि घरात कोणी विचारतही नाही, कारण विचारणाऱ्याच्या गळ्यात तो पडेल अशी सगळ्यांना भीती आहे.

तेव्हा वाचकांनी एवढेच करावे. कोणी सुया हातात घेऊन ओठ हलवत बसलेले दिसले, तर चहा हवा का असे विचारू नये. करून आणून ठेवावा. कप लोकरीपासून हातभर लांब असावा, आणि ठेवताना साखर किती चमचे घातली ते सांगू नये.